माहीत नाहीचा खण

आमच्या सरांना नुसतं "आज फार उकडतंय" म्हटलं तरी ते मान वर करून विचारायचे, "कोणी सांगितलं?" त्यावर आपण "मलाच होतंय, सर" म्हटलं की ते समाधानाने पुन्हा कामाला लागायचे. स्वतःला होणं हा त्यांच्या लेखी पहिल्या प्रतीचा स्रोत होता. वर्तमानपत्र दुसऱ्या प्रतीचं, आणि शेजारच्या खोलीतले प्राध्यापक बरेच खाली.

विद्यापीठाच्या भिवंडीतल्या उपकेंद्रात सर ग्रंथपाल होते आणि मी सहायक ग्रंथपाल. सर कायम होते, मी अकरा महिन्यांची. अकरा महिने भरले की ऑर्डर संपायची, मग आठ-दहा दिवसांचा ब्रेक, मग नवी ऑर्डर, आली तर. ब्रेकमध्ये मी घरी बसायचे आणि आई दिवसातून एकदा तरी विचारायची, या खेपेला येणार ना गं कागद. वडील गेल्यापासून घरात पगार माझा एकटीचा होता आणि धाकटी बहीण नर्सिंगला होती. त्यामुळे त्या दिवसांत मला ज्ञानाची तहान वगैरे काही लागलेली नव्हती. मला कायम व्हायचं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे काही केलं ते त्यापायी केलं.

सर भिवंडीचेच, तीन पिढ्या मास्तरकी आणि कारकुनी करत आलेल्या घरातले. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत राहायचे. खाली लूम, वर सर. उंच, जरासे वाकलेले, बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि खिशाला पेन नाही, पेन्सिल. पेनाने लिहिलेलं माणूस खोडत नाही आणि न खोडलेली चूक पुढच्याला खरी वाटते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. पहिल्या वर्षाच्या पोरांना, शिपायांना, ग्रंथालयात शिरणाऱ्या मांजरीलाही. "तुम्ही बाहेर व्हा," असं ते मांजरीला शांतपणे सांगत आणि ती जात असे. माझं तिने कधी ऐकलं नाही.

ग्रंथालयात दोन गोष्टींना बंदी होती, एक जेवणाचा डबा आणि दुसरं "असं म्हणतात". डबा एखादे वेळी चालून जायचा. पण कुणी "म्हणतात" म्हणालं की सर त्याला समोर बसवून घ्यायचे. कोण म्हणतं, त्याला कोणी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं का, हे सगळं विचारून होईपर्यंत त्या मुलाचं लेक्चर बुडालेलं असे. परीक्षा पुढे ढकलली म्हणतात, असं म्हणत आलेल्या एका मुलाला त्यांनी असंच मागे मागे नेत नेत शेवटी त्याच्याच मावसभावापर्यंत पोचवलं. मावसभावाने ती नुसती इच्छा व्यक्त केली होती. परीक्षा वेळेवर झाली, आणि पास झालेल्यांत तो मुलगा होता.

संगणक आल्यावर कॅटलॉगच्या कार्डांचं जुनं लाकडी कपाट भंगारात जायचं होतं, ते सरांनी जाऊ दिलं नाही. त्यातले दोन खण त्यांनी स्वतःच्या कामाला घेतले. वरच्यावर चिठ्ठी होती "माहीत आहे", खालच्यावर "माहीत नाही". कुणी काही विचारलं आणि उत्तर हाताशी नसलं की सर स्वच्छ आवाजात "माहीत नाही" म्हणायचे, कोरं कार्ड घ्यायचे, प्रश्न लिहायचे आणि खालच्या खणात लावायचे. उत्तर मिळालं की त्याच कार्डावर उत्तर आणि त्याखाली स्रोत. मग कार्ड वरच्या खणात जायचं. भिवंडीत पहिला यंत्रमाग कोणी आणला, हे कार्ड मी नोकरीला लागण्याआधीपासून खाली होतं. सरांना तीन घरं सापडली होती आणि तिन्ही घरांत एकेक आजोबा होते. सरांनी तिन्ही आजोबा लिहून ठेवले होते आणि कार्ड हलवलं नव्हतं.

मला पहिल्यांदा वाटायचं, हा काय वेळ घालवायचा धंदा आहे. मग ती बी.कॉम.ची मुलगी आली. तिचे वडील लूमवर होते, बारा-बारा तासांची शिफ्ट. तिने काउंटरवर अगदी हळू विचारलं, "सर, लूम के आवाज़ से कान कितने साल में जाते हैं?"

सर म्हणाले, "मालूम नहीं. अगले हफ्ते आइए."

त्या आठवड्यात सरांनी वैद्यकाची पुस्तकं काढली, दोन डॉक्टर गाठले, आणि तेवढ्याने भागेना म्हणून ते लूमच्या कारखान्यांत गेले. तिथे घोळ असा झाला की ज्यांना माहीत नव्हतं त्यांना प्रश्न ऐकू आला आणि ज्यांना माहीत होतं त्यांना तो ऐकू येईना. शेवटी सरांनी हिंदीत मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून नेला. कान गेल्याचं तुम्हाला कधी कळलं, असंही त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं. बहुतेकांनी सांगितलं की घरवाली बोली. सरांनी कार्डावर स्रोत म्हणून "पत्नी" असं लिहिलं. हे सगळं, वाचण्यासारखे दोन लेख आणि कानात घालायचे बोळे असं पाकीट त्यांनी त्या मुलीला दिलं. वडील ते बोळे घालतात का, हे त्यांनी नंतर तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती हो म्हणाली, तेव्हा त्यांनी विचारलं की तुम्ही स्वतः पाहिलंत का.

मीही त्यांना एकदा एक प्रश्न विचारला होता. पहिली ऑर्डर संपायला आली होती, चहा पिता पिता विचारून गेले की सर, मी कायम होईन का हो. सर म्हणाले, "माहीत नाही." एवढंच. दुसरा कोणी असता तर होईल हो सगळं ठीक, असं तरी म्हणाला असता. मला राग आला. मी कप विसळला आणि काउंटरवर जाऊन बसले, आणि पुन्हा त्यांना तो प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं.

त्यांच्याबद्दल न्यायाने सांगायचं तर माझ्या ब्रेकच्या दिवसांत ते माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवत आणि तिच्यावर "राखीव" अशी पाटी लावत. कुणासाठी राखीव, असं प्राध्यापक विचारत. सर सांगत, "वाचून घ्या, एवढंच लिहिलं आहे."

माझ्या दुसऱ्या ऑर्डरपासून सर दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारून अर्ध्या दिवसाची रजा घेऊ लागले. अर्जावर कारण "खासगी". त्यांचे गुडघे दुखायचे हे आम्हाला दिसत होतं, म्हणून मी एकदा विचारलं की गुडघ्यांसाठी कुठे जाता का. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. गुडघ्यांना बरं असतं म्हणतात." मी ते सगळीकडे सांगून टाकलं. सर अकलोलीला जातात, असं आख्ख्या उपकेंद्राला माहीत झालं.

आमचे शिपाई मामा दिघाशी गावचे. एका बुधवारी ते मला म्हणाले, "मॅडम, माजी बहीन अकलोलीला दिलेली हाय. काल मी कुंडावरच व्हतो दिसभर. सर काय दिसलं न्हाय." मी म्हटलं, गर्दीत दिसले नसतील. मामा म्हणाले, "गर्दी न्हवतीच." यावर मी त्यांना जर्नल्स बाइंडिंगला पाठवायची आठवण केली.

असं चाललेलं असताना मुख्यालयाचं परिपत्रक आलं. प्रत्येक ग्रंथालयाने माहिती साक्षरतेची अध्ययन उद्दिष्टे निश्चित करून सादर करावीत. समिती येऊन पाहणी करेल. म्हणजे ग्रंथालयात आलेला मुलगा शिकून जाताना माहिती शोधायची, पारखायची आणि वापरायची कशी, यातलं काय काय शिकलेला असावा ते आधी लिहून काढायचं. खाली बारीक अक्षरांत होतं की ज्यांची कागदपत्रं परिपूर्ण असतील त्यांच्या रिक्त पदांचा विचार करण्यात येईल. मी वरचं एकदा वाचलं आणि खालचं पाच वेळा.

दोन दिवसांत मी बारा उद्दिष्टं तयार केली. तक्ता, रंगीत मथळे, स्पायरल बाइंडिंग. "विद्यार्थी माहितीस्रोतांचे स्वायत्तपणे समन्वेषण करण्यास सक्षम होईल" अशी त्यांची भाषा होती. समन्वेषण म्हणजे नेमकं काय ते मलाही ठाऊक नव्हतं, पण वजनदार वाटत होतं. सरांनी बाराही शांतपणे वाचली. नवव्यावर पेन्सिल थांबली. नववं होतं, विद्यार्थी ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील संदर्भ विभागाचा स्वतंत्रपणे वापर करेल.

आमचं ग्रंथालय म्हणजे तळमजल्यावरचा एक हॉल. त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीवर पाण्याची टाकी.

सरांनी विचारलं की हे कोणी लिहिलं. मी म्हटलं मी. त्याआधी कोणी, असं त्यांनी विचारलं. मग मला खानदेशातल्या एका कॉलेजचं नाव सांगावं लागलं. त्यांच्या वेबसाइटवरून घेतलं होतं. माझं डोकं तडकलं होतं, मी म्हटलं सर, सगळे असंच करतात. त्यांनी विचारलं, "सगळे म्हणजे कोण?" आणि फोन उचलला.

खानदेशच्या ग्रंथपालांनी सांगितलं की त्यांनी ते विदर्भातल्या एका ठिकाणाहून घेतलं. सरांनी विचारलं, तुमच्याकडे तिसरा मजला आहे का. ते म्हणाले, नाही, पण मंजूर आहे. विदर्भवाल्यांनी मराठवाड्यातल्यांचं नाव सांगितलं. तिसरा मजला नाही. असे तीन दिवस सर फोन करत होते आणि मी शेजारी बसून पुस्तकांवर शिक्के मारत होते. सहावा फोन कोकणात लागला. तिथल्या बाई मनापासून बोलल्या. म्हणाल्या, आम्ही ते भिवंडीच्या उपकेंद्राच्या वेबसाइटवरून घेतलं, सर, फार छान लिहिलंय तुम्ही. सरांनी त्यांना धन्यवाद दिले, तिसऱ्या मजल्याबद्दल विचारलं आणि फोन ठेवला.

मग ते माझ्याकडे वळले. मला आठवलं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वेबसाइटवर काहीतरी टाका म्हणून वरून घाई झाली होती, तेव्हा ग्रंथपालांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली एक निनावी पीडीएफ मी थोडी सोपी करून चढवली होती. सहा ग्रंथालयांतून ती फिरून परत आली तेव्हा भाषा इतकी सुधारली होती की मी माझं माहेरचं माणूस ओळखलं नाही. तिसरा मजला मात्र कोणीच काढला नव्हता. सरांनी मला एक अक्षर बोलून दाखवलं नाही. कार्ड घेतलं, "तिसरा मजला मुळात कोणाचा?" असं लिहिलं आणि खालच्या खणात लावलं. ते आजही तिथेच आहे.

मग त्यांनी स्वतः उद्दिष्टं लिहिली. एका पानावर, पेन्सिलीने, चार.

विद्यार्थी ऐकलेली गोष्ट कोणी सांगितली हे सांगू शकेल. त्या माणसाला ती कोणी सांगितली, हे विचारायला लाजणार नाही. जाऊन बघण्यासारखी गोष्ट असेल तर जाऊन बघेल. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणेल, आणि तेवढ्यावर थांबणार नाही.

परिपत्रकासोबतच्या तक्त्यात शेवटचा रकाना होता, उद्दिष्ट साध्य झाल्याचे मोजमाप कसे करणार. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "ग्रंथपालाच्या लक्षात येईल."

ते पान हातात घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. इतकी वर्षं जिभेवर ठेवलेलं त्या दिवशी बोलून टाकलं. म्हटलं, सर, तुमचं सगळं ठीक आहे, तुम्ही कायम आहात. माझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपतेय. समितीला बारा हवी असतील आणि आपण चार दिली, तीही पेन्सिलीने, तर माझं पद गेलं म्हणून समजा. घरी काय सांगू मी, मोजमाप ग्रंथपालाच्या लक्षात आलं म्हणून?

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "मॅडम, तुमची ऑर्डर आणि हा तिसरा मजला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एका फाईलीत लावू नका."

मला ते फार निष्ठुर वाटलं. कायम माणसाला असं बोलणं परवडतं, हे मी त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मनाशी किती वेळा म्हणाले त्याला गणती नाही. आणि मग मी जे करायला नको होतं ते केलं. सरांचं पान फाईलीत पुढे लावलं आणि माझी बारा उद्दिष्टं मागे, "परिशिष्ट ब" म्हणून. सरांना सांगितलं नाही.

समिती आली. तिघे होते. अध्यक्ष कुठल्याशा मोठ्या ग्रंथालयाचे प्रमुख, गंभीर चेहऱ्याचे. त्यांनी सरांचं पान वाचलं, उलटून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि मग परिशिष्ट ब उघडलं. तिथे त्यांचा चेहरा खुलला. हे व्यवस्थित आहे, असं ते सदस्यांना म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, चला, तो तिसरा मजला एकदा बघून घेऊ, लिफ्ट आहे ना.

सरांनी परिशिष्ट हातात घेतलं, पाहिलं, माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटलं, आता नाव घेतील. ते म्हणाले, "तिसरा मजला नाही, साहेब. दुसराही नाही. हे कागद माझ्या ग्रंथालयातून गेले आहेत, म्हणजे चूक माझी. पण हे उद्दिष्ट सहा ग्रंथालयांत आहे आणि सहाही ठिकाणी तिसरा मजला नाही. चौथं आपलं आहे. मी गेल्या महिन्यात फोन केला होता. आपल्या सहायकांनी सांगितलं."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, चहा सांगितलाय का. मामा चहा घेऊन दारात उभेच होते.

जाताना अध्यक्ष थांबले आणि सरांचं ते पेन्सिलीचं पान त्यांनी पुन्हा मागून घेतलं. याची झेरॉक्स मिळेल का, असं विचारलं. सर म्हणाले मिळेल, पण खाली स्रोत लिहा. पुढे समितीचा अहवाल आला. त्यात आमच्या ग्रंथालयाबद्दल एवढंच होतं, की काम समाधानकारक असून तिसऱ्या मजल्याबाबत स्वतंत्र प्रस्ताव सादर करावा.

माझी ऑर्डर संपली, ब्रेक झाला, खुर्ची भिंतीकडे तोंड करून राहिली, पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर आली. मी सरांशी कामापुरतं बोलत होते. आणि त्यानंतरच्या वर्षी, कुणाला काही कल्पना नसताना, मुख्यालयाचं पाकीट आलं. मी कायम झाले होते. आईने ते पत्र आधी वस्तीतल्या विहारात नेऊन ठेवलं, मग शेजारच्या चार घरांत नेलं, आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात.

मी पेढे घेऊन ग्रंथालयात गेले. अध्यक्ष ओशाळले असणार, त्यांनीच वर शब्द टाकला असणार, असं सगळ्यांचं मत पडलं आणि मलाही ते पटलं. म्हणजे एका अर्थी परिशिष्ट ब मुळेच झालं. हे मी सरांना ऐकवलंही, जरा टोचूनच. सरांनी पेढा घेतला आणि विचारलं, "कोणी सांगितलं?" मी म्हटलं सगळेच म्हणतात. बंदी असलेला शब्द मी मुद्दाम वापरला होता. सरांनी मला समोर बसवून घेतलं नाही. ते पेढा खाऊन कामाला लागले. त्या महिन्यापासून त्यांच्या मंगळवारच्या रजा बंद झाल्या. मी विचारलं, गुडघे बरे झाले का, सर. ते म्हणाले, "नाहीत."

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोप समारंभात भाषण केलं नाही. कार्डांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि खालच्या खणाकडे लक्ष ठेवा म्हणाले. मी वर्षभर लक्ष ठेवलं नाही. मुलं आता मोबाइलला विचारतात आणि मोबाइल कधी माहीत नाही म्हणत नाही, त्यामुळे नवी कार्डं फारशी होत नव्हती. शेवटी कपाट रंगवायला काढायचं ठरलं म्हणून मी खण रिकामा करायला बसले. तीन आजोबा होते, तिसरा मजला होता, बोळ्यांनी कान वाचतात का होतं. आणि सगळ्यांत मागे, पाठपोट भरलेलं एक कार्ड होतं.

वर प्रश्न होता, "सहायक ग्रंथपाल मॅडम कायम होतील का? (विचारणाऱ्या : त्या स्वतः, चहाच्या वेळी.)" आणि खाली सरांच्या बारीक अक्षरात एकाखाली एक नोंदी.

"पहिला मंगळवार. मुख्यालयात गेलो. साहेब रजेवर." "फाईल दुसऱ्या मजल्यावर आहे असे खिडकीवर सांगितले. नव्हती." "फाईल तिसऱ्या मजल्यावर. (इथे तिसरा मजला आहे. स्वतः चढलो.)" "फाईल हरवली असे सांगितले. कोणी सांगितले : नवीन कारकून. त्यांना कोणी : जुने कारकून. जुने कारकून निवृत्त. त्यांच्या घरी जाऊन आलो." "फाईल सापडली. कपाटाच्या वर होती. धूळ झटकून टेबलावर ठेवली." "टेबलावरच आहे." "टेबलावरच आहे." "टेबलावरच आहे. साहेबांना भेटलो. काम चोख आहे का विचारले. मी म्हटले, एक परिशिष्ट सोडून." पाठीमागे शेवटची नोंद होती, "सही झाली. उत्तर : हो. स्रोत : मी सही होताना पाहिली."

म्हणजे उत्तर मिळालं होतं, स्रोतही होता. सरांच्याच नियमाप्रमाणे हे कार्ड वरच्या खणात जायला हवं होतं. ते खाली का राहिलं, हे तळाशी लिहिलं होतं. तिथे दुसरा प्रश्न होता, "हे मॅडमना सांगावे का?" आणि पुढे, "माहीत नाही."

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. मामांनी पाणी आणून दिलं आणि काय झालं ते विचारलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, तीही साधीसुधी नव्हे. माहिती साक्षरतेची उद्दिष्टं दोनदा टाइप केलेली बाई मी. डोळ्यांनी बघून आलेल्या मामांना मी बाइंडिंगच्या कामाला लावलं होतं, आणि सगळे म्हणतात त्यावर पेढे वाटले होते. आणि सरांच्या तोंडून मी "म्हणतात" हा शब्द जन्मात एकदाच ऐकला होता, तरी माझ्या कानाला तो खटकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धामणकर नाक्यामागच्या त्या घरी गेले. खाली लूम चालूच होते, जिना हलत होता. सर खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. कार्ड माझ्या हातात त्यांनी आल्याआल्या पाहिलं. मी विचारलं, "सर, अकलोलीचं पाणी किती गरम असतं?"

सर म्हणाले, "माहीत नाही. मी कधी गेलेलो नाही."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी दुपारून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण लिहिलं, "अकलोलीचे गरम पाणी", खासगी नाही. रिक्षा ठरवली, सरांना जिन्यावरून हळूहळू उतरवलं, आणि मामांना पुढे बसवलं, वाट आणि बहीण दोन्ही त्यांची म्हणून. कुंडावर गर्दी नव्हती. सरांनी पँट दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. मी पर्समधून कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, सर, खालचा प्रश्न अजून तसाच आहे, खण रंगवायचा खोळंबलाय.

सरांनी खिशातली पेन्सिल काढली. "माहीत नाही" वर एक सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "त्यांना कळले. स्रोत : त्या स्वतः." कार्ड मला परत दिलं आणि म्हणाले, "आता हे वरच्या खणात लावा, मॅडम."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसले. अकलोलीचं पाणी गरम असतं. हे कोणी म्हणत नाही, मी पाय घालून पाहिलं आहे.